लंकाबाईंची मान

पुष्पावतीनं पदराच्या टोकानं लेकीचं कपाळ खसाखसा पुसलं. कुंकू निघालं, पण चिकटपणा जाईना. सासूच्या तोंडातून गळणारी लाळ कुंकवात कालवून शेजारच्या साळूबाईनं ती तान्हीला लावली होती.

"अगं, पुसतीस काय? देवीचा परसाद हाय!"

"लाळ आहे ती, काकू."

"शिकल्याली हायेस म्हून कायबी बोलू नगं."

ओसरीवर बसवलेल्या सासूच्या, लंकाबाईंच्या पायांवर हळदीचा नुसता चिखल झाला होता. सांडलेल्या नारळाच्या पाण्यावर माश्या बसल्या होत्या. त्याला आंबूस वास सुटला होता. सासूची छाती कापून काढली तेव्हा याच बायका तिच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. आता उजवा हात झटके देऊ लागला, तोंड वाकडं होऊ लागलं, तर अंगात देवी आली म्हणून दारात रांग.

नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "छातीतला कॅन्सर मेंदूत पोचलाय. काही वर्षांपूर्वी मी नुसते हात जोडले असते. आता मुंबईला गाठ कुठं आहे ते तपासतात, कोबाल्टचे किरण देतात. बऱ्या होतील असं नाही म्हणत. पण झटके कमी होतील, काही महिने माणसांत राहतील. तोवर मेंदूची सूज उतरायला या गोळ्या द्या."

गोळ्या सासऱ्यांनी फडताळात टाकल्या. "देवीच्या तोंडात इंग्रजी गोळी घालू व्हय? तिनं सांगितलं तर मुंबईच काय, लंडनला नेईन."

लंकाबाईंची मान पुन्हा हलू लागली. ती खाली-वर झाली की देवीचा होकार, असं गावानं धरलं होतं. बायकांचे हात जोडले गेले. पुष्पावतीनं दात आवळले, लेकीला त्या चिखलात सासूच्या पायांशी ठेवलं आणि मोठ्यानं विचारलं, "आई, मुंबईला औषधाला जायचं का?"

मान खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

"व्हय म्हनली!" सासरे उठलेच. "सरपंचाची जीप सांगून येतो."

पुष्पावतीनं लेकीला उचलून घट्ट धरलं. तेवढ्यात साळूबाई पुढं सरकली. तिच्या कडेवर बरगड्या मोजाव्यात अशी नात खोकत होती.

"आई, हिच्या टीबीच्या सुया बंद करू का? लई रडती गं पोर."

मान अजून हलतच होती.

"काकू, ती मान तर..."

चपला घालता घालता सासरे दारात थांबले. "काय गं?"

साळूबाईही वळून बघत होती.

"काही नाही, मामंजी," पुष्पावती म्हणाली. "लवकर या."