ऐनातला खिळा

रेश्माने एकदा मनावर घेतलं की साक्षात ब्रह्मदेव आला तरी ती ऐकायची नाही, हे ताम्हिणीच्या अलीकडच्या त्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या सासऱ्यांना, वाल्मीकरावांना, तर पुरतंच ठाऊक होतं. बाकीची जमीन बंगलेवाल्यांना देऊन झाली होती, रस्त्याकडेचा एक तुकडा तेवढा उरला होता आणि तोही द्यायचं त्यांच्या मनात होतं. रेश्मा आडवी आली.

"मामंजी, तितं मी लाकडाचं घर बांधते. शनवार-रईवार हिंजवडीची पोरं घाटात येत्यात. त्यांना ऱ्हायला देते, पिठलं-भाकरी खायला घालते. तुकडाबी ऱ्हाईल आन् चूलबी चालंल."

"लाकडाचं? आगं, लोकं लाकडाची घरं पाडून शिमीटाची बांधाय लागली, आन् तुझी गंगा उलटीच!" वाल्मीकराव हसले. सून काही हसेना. मग त्यांनी अट घातली. पावसाच्या आत छप्पर चढलं तर तुकडा तिचा, नाहीतर मिरगाला सौदा.

लाकडाची ददात नव्हती. गेल्या पावसाळ्यात बांधावरचं जुनं ऐनाचं झाड वाऱ्याने मुळासकट आडवं झालं होतं. वनखात्याची परवानगी मिळाली, हिवाळाभर ओंडके वाळले आणि शिमगा झाल्यावर रेश्माने पौडाकडच्या नरहरीला बोलावलं. नरहरीची लाकूड कापायची गिरणी ट्रॅक्टरमागच्या गाड्यावर बसवलेली होती. ओंडका वखारीत न्यायची गरजच नाही, गिरणीच दारात येते. खांब आणि फळ्या मोठ्या फांद्यांतून निघणार होत्या. आढं मात्र, म्हणजे छपराच्या मधोमध राहून सगळ्या वाशांचा भार घेणारं लाकूड, बुंध्यातूनच निघणार होतं. तेवढी सरळ लांबी झाडात दुसरीकडे कुठेच नव्हती.

काम झपाट्याने चाललं. रेश्मा कोयता घेऊन साली काढायची. तिचा नवरा किशोर पिरंगुटच्या कारखान्यात होता, तो पाळी करून यायचा आणि पहारीने ओंडके सरकवायचा. भुसा केसात, नाकात, भाकरीतसुद्धा! सासूबाई तुळजाबाई तेवढ्या इकडे फिरकल्या नाहीत. मामंजींच्याच बाजूच्या असणार, असं रेश्माने धरलं आणि तिने त्यांचा नाद सोडला.

शेवटी बुंधा गिरणीवर चढला. वरची पहिली फळी निघाली आणि नरहरीने धाडकन यंत्र बंद केलं.

"वैनी, हितं बघा." तांबूस लाकडावर तळहाताएवढा निळाकाळा डाग पडला होता. "आत लोखंड हाय. खिळा असणार. करवतीचा पट्टा त्याला लागला की तुटला, आन् तुटका पट्टा कुणाच्या नरड्याशी येईल सांगता येत न्हाई. खिळा निघाला तर कापतो."

"मग काढा की!"

"मी न्हाई बाबा हात लावायचा. बांधावरच्या झाडातला खिळा हाय. कुणीतरी दुखणं बांधलं असंल."

रेश्माच्या अंगाची लाही लाही झाली, पण तो काय म्हणतोय ते तिला कळत होतं. दुखणं हटेना की जुनी माणसं ते झाडात खिळ्याने ठोकून ठेवायची. आणि खिळा जो उपटेल, त्याच्या अंगावर ते दुखणं चढतं म्हणतात. दवाखाने आले, मोबाइल आले, पण असला खिळा उपटणारा मायेचा पूत अजून कुणी पाहिला नव्हता.

"माझा हाय त्यो."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तुळजाबाई बांधावर उभ्या होत्या. त्या इतके दिवस का फिरकल्या नाहीत, ते रेश्माला आत्ता कळलं.

"किसोर ल्हान व्हता," त्या म्हणाल्या. "आकडी यायची त्याला. डोळं फिरवायचा, तोंडाला फेस. समदे देव झाले, समदे डाक्टर झाले. मग म्या हिथं खिळा ठोकला, दगडानं. तवापास्नं पोराला काय न्हाई. त्यो खिळा निघायचा न्हाई."

किशोर पुढे झाला. "आये, गोळ्याबी चालू व्हत्या की तवा. आण ती पक्कड, मीच काढतो."

"हात लावशील तर याद राख!" तुळजाबाई अशा ओरडल्या की गाभण म्हैस असती तर दावं तोडून पळाली असती. किशोरने हात मागे घेतला.

नरहरी हळूच म्हणाला, "वैनी, आढ्याला लोखंडी गर्डर टाका की."

"लोखंडच घालायचं, तर ह्या ऐनानं काय घोडं मारलंय?"

असं ती म्हणाली खरी, पण तिची नजर किशोरवरून हटेना. डोक्याला हे थोतांड पटत नव्हतं. पण कुंकवाचा धनी डोळ्यांसमोर उभा होता, आणि असल्या वेळी डोकं कामाला येत नाही. एकीकडे नवरा, दुसरीकडे घर. आढं नसेल तर बाकीचं सगळं लाकूड म्हणजे सरपण. मिरगाला बंगलेवाला येईल, तुकड्याला तारेचं कुंपण घालील आणि आपण त्याच्याच बंगल्यात भांडी घासायला जाऊ. न्हाई म्हणजे न्हाई!

तिने पदर खोचला, पटाशी आणि हातोडा घेतला आणि डागापाशी मांडी ठोकली.

"आत्या, जो उपटंल त्याच्या अंगावर येतं, व्हय ना? म्हंजी ह्यांच्यावर येत न्हाई. माझ्यावर येईल. येऊ दे, मी बघून घेते."

तिने पहिला घाव घातला. ऐनाचं वाळलेलं लाकूड, पटाशी नुसती उसळायची. तळहाताला फोड आला आणि फुटलासुद्धा, पण रेश्मा थांबली नाही. अखेर खिळ्याचं गंजलेलं डोकं उघडं पडलं. तिने पक्कड लावली, तोच तिच्या मनगटावर सुरकुतलेला हात पडला.

"सोडा आत्या. मी हटायची न्हाई."

"हटू नगंस. सरक." तुळजाबाई शेजारी टेकल्या. "ठोकला म्या, उपटणार बी मीच. मी पिकलं पान. तुला आजून घर बांधायचं हाय."

"आत्या, आवो..."

"सरक म्हणते न्हवं!"

म्हातारीने जोर केला. खिळा जागचा हलेना. पुन्हा जोर केला, पक्कड नुसतीच घसरली. रेश्माचे डोळे भरून आले. तिने आपले दोन्ही हात सासूच्या हातांवर आवळले.

"आगं, दोघींच्या अंगावर येईल!"

"येऊ दे. निम्मं निम्मं घिऊ."

दोघींनी पाय रोवले आणि हिसका दिला. करकरत खिळा बाहेर आला आणि दोघीही भुशात उताण्या पडल्या. पण तिकडे कोण बघतंय? सगळ्यांच्या नजरा किशोरवर. किशोरने मान मागे टाकली, डोळे मिटले, तोंड वासलं.

"काय झालं रं?" तुळजाबाईंनी किंकाळीच फोडली.

"झोप आली, आये. रातपाळी झालीया."

त्या दिवशी तुळजाबाईंनी लेकाला घातलेल्या शिव्या वाडी अजून विसरलेली नाही. नरहरीने हसत हसत यंत्र चालू केलं आणि दुपारी ऐनाचं आढं गिरणीवरून उतरलं.

वळवाचे ढग यायला लागले तेव्हा ते चढलं. दोर ओढायला माणूस कमी पडला, तर वाल्मीकरावांनीच मुकाट्याने टोपी सारखी केली आणि दोराला हात घातला. आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. मग तुळजाबाईंनी कनवटीचा खिळा काढला. दगडावर ठोकून ठोकून त्यांनी तो सरळ केला होता. सगळे नको नको म्हणत असताना त्या शिडीवर चढल्या आणि आढ्यावरच्या त्याच काळ्या भोकात त्यांनी तो ठोकला.

रेश्माने खाली एका हाताने शिडी धरली होती, दुसऱ्या हातात नव्या घराचा वायर जोडलेला बल्ब होता. ती मान वर करून ओरडली. "आत्या, आता कुणाचं दुखणं बांधताय?"

"कुणाचं न्हाई," तुळजाबाई वरून म्हणाल्या. "लई वर्सं नुसता बसून व्हता मेला. दे हिकडं तुझा बल्ब, टांगते."