टाळ्यांपाशी थांबलेलं गाणं

मित्रांनो, माझ्या पोटावरचं कातडं पाहिलंत तर मी किती जुना आहे, हे विचारायची गरज पडणार नाही. मी रबाब आहे, छेडून वाजवायचं तंतुवाद्य. तुतीच्या एका खोडातून मला कोरून काढलं. मान, पोट, डोकं, सगळं एकाच लाकडाचं. कुठेही सांधा नाही, असं शोदमोन येणाऱ्याजाणाऱ्याला मला उलटापालटा करून दाखवायचा. मला लाज वाटायची, पण आवडायचंही.

शोदमोन म्हणजे मला घडवणारा. डोंगरातल्या गुंत नदीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. ते तुतीचं झाड एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मोडलं आणि त्याच्या बायकोने सरपणासाठी कुऱ्हाड काढून ठेवली. शोदमोनने खोड उचलून गोठ्यात नेऊन लपवलं. "दुसऱ्यांकडे झाड पडलं तर चूल पेटते," ती शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे रबाब होतो. आता त्याच्यावरच चहा उकळते, या सगळ्या." पुढे मी तयार झालो तेव्हा माझ्यासाठी लोकरीची पिशवी मात्र तिनेच शिवली.

गुरांच्या उबेत मी सावकाश सुकलो. मग शोदमोनने मला आतून पोखरलं, बकरीचं कातडं ओलं करून पोटावर ताणलं, मेंढीच्या आतड्याच्या तारा चढवल्या. माझा पहिला आवाज चढ चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा होता, धापा टाकणारा. शोदमोनने तो कान देऊन ऐकला आणि म्हणाला, "रडवेल."

एवढं मोठं कौतुक नंतर कुणी केलं नाही. कारण माझं काम तेच होतं. आमच्या डोंगरात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावतात आणि रबाबावर मदोह म्हणतात. देवाची आणि पिरांची स्तुतीच ती, पण इतकी लांब आणि इतकी संथ की तिच्यात घरातल्या प्रत्येकाला आपापल्या वेळेला रडता यावं. सून लवकर रडते, मुलगा उशिरा. एखादी बहीण अशी असते की पहाटेपर्यंत कोरडी बसते आणि मग एकदम फुटते. तिची वेळ येईपर्यंत रबाबाने थांबायचं नसतं.

शोदमोन दिवसा सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टरने घर पोसायचं आणि मी लोकांना रडवायचं, अशी आमची वाटणी होती. मयताच्या घरून कधी वाळवलेल्या तुतींचं पीठ यायचं, कधी लोकरीचे मोजे. त्यांचं मोल कुणी केलं नाही. मला वाटायचं, ही माझी पवित्रता. ती ट्रॅक्टरची कृपा होती, हे ट्रॅक्टर गेल्यावर कळलं. सरकार बदललं, शेती मोडली, ट्रॅक्टर सुट्या भागांनी विकला गेला. मला कुणी विकलं नाही. मला विकून येणार काय होतं?

शोदमोनचा मुलगा खुशकदम. त्याला बापाचा रबाब मिळाला, बापाचा गळा मिळाला, आणि ट्रॅक्टर मिळाला नाही. गळा तर बापापेक्षा चांगला. शाळेत तो गाणं शिकवायचा आणि त्याच्या पगारात पिठाचं एक पोतं धड येत नसे. शोदमोनची बोटं तोवर वाकडी झाली होती. एकदा चहा पिता पिता तो मुलाला म्हणाला,

"मी गेलो की माझ्यासाठी तू म्हणायचं. दुसरं मला काही नको. या इमोमदोदला बोलावलंस तर मी उठून बसेन."

इमोमदोद म्हणजे शेजारी. तो तिथेच भाकरी दुधाच्या चहात बुडवत बसला होता. "नकोच बोलावू," तो म्हणाला. "मेल्यावर तरी तुझे टोमणे नकोत."

"अरे, तुझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं दार."

"दार उघडतं ना? मग झालं तर."

खुशकदम हसला आणि बापाला म्हणाला, "मीच म्हणेन, तात." मित्रांनो, माझी सगळी गोष्ट या एका शब्दाची आहे. तो पाळला गेला की नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

दुसरं मूल झालं, तेव्हा खुशकदमची बायको सवसन पिठाचा डबा खरवडत म्हणाली, "सगळ्यांचे नवरे मॉस्कोला गेले." ती कुणाला टोचत नव्हती. डबा खरवडताना जे मनात येतं ते बोलली.

"तिथे विटा उचलून हात कामातून जातील," खुशकदम म्हणाला. "राजधानीत, दुशान्बेला जातो. तिथल्या हॉटेलांत गाणारे लागतात."

"आणि दुशान्बेत काय जाईल?"

"काही नाही. तिथे गायचंच तर आहे."

तोलिबअकाच्या, म्हणजे तोलिबदादाच्या, हॉटेलात आम्ही लागलो. तोलिबअका पगार वेळेवर द्यायचा आणि उरलेला पुलाव डब्यात भरून द्यायचा, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नसे. आमच्या शेजारी एक पोरगेला माणूस सिंथेसायझर वाजवायचा. त्याच्यापुढे माझ्या आतड्याच्या तारा ऐकू येईनात. मग मासे धरायची नायलॉनची दोरी आणून तीच ताणली. तरी ऐकू येईना. मग माझ्या पोटाशेजारी भोक पाडून आत लाउडस्पीकरची वायर घातली. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. खुशकदमने भोक पाडताना तोंड फिरवलं होतं, ते जास्त लागलं.

लग्नाची गाणी, नाचाची गाणी, वाढदिवसाची गाणी. मी सगळी वाजवली आणि खोटं कशाला बोलू, काही मजेचीही होती. मदोह मात्र खुशकदम तिथे म्हणत नसे. मग एकदा आमच्याच खोऱ्यातला एक ठेकेदार जेवायला आला. सायबेरियात पाइप टाकून त्याने पैसा केला होता. व्होडकाचा पेला बाजूला सारून तो म्हणाला, "मदोह म्हण."

"टेबलावर नाही म्हणत, अका. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. माझी आई गेली तेव्हा मी तिकडे होतो. मला सुट्टी दिली नाही. मी एकही मदोह ऐकलेला नाही तिचा. आता सांग, कुठे जाऊन ऐकू?"

खुशकदमने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने वायर काढली आणि म्हटला. पूर्ण म्हटला. ठेकेदार हमसून हमसून रडला. पलीकडच्या टेबलावरचे लोकही खायचे थांबले. मित्रांनो, त्या वेळी आमचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिथूनच सगळं सुरू झालं, हेही तितकंच खरं.

कारण तोलिबअकाने ते खायचे थांबलेले लोक पाहिले होते. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ते कालचं रोज ठेवू या. डोंगरातले लोक खास त्यासाठी येतील. फक्त लांब फार आहे रे. कबाब गार होतात."

"ते तेवढंच असतं, अका."

"सगळं कोण ऐकतंय? जिथे ते चढतं ना, तिथे एक जोरात झणकारा मार आणि संपव. लोकांना कळायला नको का, टाळ्या कुठे वाजवायच्या ते?"

"त्यात टाळ्या नसतात."

"तुझ्या घरी नसतील. इथे टाळ्या वाजल्या की पुढचा माणूस पैसे घेऊन उठतो. तुझ्याच खिशात जातात ना ते?" मग आवाज उतरवून म्हणाला, "बायकोने फोन केला होता ना परवा?"

केला होता. धाकट्याची छाती भरली होती आणि जिल्ह्याच्या गावच्या, खोरोगच्या डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली होती.

तेव्हापासून मदोह चढावर संपू लागला. झणकारा, मान झुकवायची, टाळ्या. सुरुवातीला खुशकदम खोलीवर आला की उरलेला भाग मला मांडीवर घेऊन हळू आवाजात पुरा करायचा, डब्यातला उरलेला पुलाव खाता खाता. त्याला अर्ध्यावर सोडणं सोसत नव्हतं. पुढे दमायला लागला. बूट न काढताच झोपायचा. पुलाव सकाळी खायचा. उरलेलं गाणं मात्र सकाळी खाता येत नाही.

गावाहून शोदमोन फोन करायचा. पाठांतर आहे ना, विचारायचा.

"रोज म्हणतो, तात."

यात खोटं काही नव्हतं.

शोदमोन वसंतात गेला. जर्दाळूला फुलं होती. आम्ही सामायिक जीपने निघालो. दरड कोसळून रस्ता बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला कसेबसे घरी पोचलो. घर माणसांनी भरलं होतं. खुशकदमने तोंड धुतलं, माझी वायर काढून खिशात घातली, आणि खांबाला पाठ टेकून बापाच्या जागेवर बसला. दिव्याची वात वळून झाली होती. समोर त्याची ओलुफाआत्या बसली होती, शोदमोनची बहीण. कोरडी. तिच्याकडे पाहून मी मनात म्हटलं, ही पहाटेची आहे.

खुशकदम म्हणू लागला. गळा तोच, बापापेक्षा चांगला. सवसन रडली. मागे बायकांच्या रांगेत हुंदके सुरू झाले. मला वाटलं, भोक असू दे, मासे धरायची दोरी असू दे, मी अजून तोच आहे. गाणं हळूहळू चढत गेलं. ओलुफाआत्याने ओठ घट्ट मिटले आणि डोक्यावरचा रुमाल मुठीत धरला. आत्याची वेळ येत होती.

आणि खुशकदमच्या हाताने जोरात झणकारा मारला. मी थांबलो. त्याची मान किंचित झुकली, ओठांवर एक लहानसं हसू आलं. रोज यायचं तसं.

घरात कुणी टाळी वाजवली नाही.

ते हसू त्याच्या तोंडावरून जायला फार वेळ लागला. ओलुफाआत्याच्या मुठीतला रुमाल सुटला. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी. त्याने घाईघाईने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तो चढ आला, आणि त्याचा हात पुन्हा तिथे धावला. त्याने हात आवरला, पण पुढचे शब्द आले नाहीत. तिसऱ्यांदा तो सुरुवातीलाच अडला.

तेव्हा इमोमदोद उठला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. "दे बाळा," तो म्हणाला. "रस्त्याने थकलास तू. जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात."

सगळ्यांनी मान हलवली. हो, रस्ता वाईटच आहे. हल्ली फार दरडी कोसळतात.

इमोमदोदने मला घेतलं. त्याचे दात गेले होते, सूर इकडेतिकडे जात होता. तेल न घातलेलं दार करकरावं तसा तो पहाटेपर्यंत म्हणत राहिला. ओलुफाआत्या उजाडताना रडली. खुशकदम तोवर लोकांना चहा देत फिरत होता. त्याला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. नंतर भांडी घासताना सवसनने फक्त एवढं विचारलं, "परत कधी निघणार?" तिचाही इलाज नव्हता. धाकट्याची औषधं अजून चालू होती.

दुशान्बेला परत आल्यावर खुशकदमने महिनाभर खोलीवर तो मदोह पुरा करायचा प्रयत्न केला. शब्द आठवून आठवून भिंतीशी बोलायचा. चढापर्यंत सगळं नीट यायचं. त्यापलीकडे काय होतं, ते त्याच्या हाताला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण रबाब स्वतःहून वाजत नाही. मग त्याने ते सोडून दिलं. हॉटेलातला मदोह चालूच आहे. लोकांना आवडतो.

गेल्या हिवाळ्यात इमोमदोद गेला. गावात मदोह म्हणणारं आता कुणी नाही. सवसनने फोनवर सांगितलं ते खुशकदमच्या मांडीवर असताना मीही ऐकलं. तिसऱ्या संध्याकाळी कुणाच्या तरी पोराने मोबाइलवर एक मदोह शोधून लावला. सगळे ऐकत बसले. तो खुशकदमचाच होता. कुणीतरी हॉटेलात जेवताना काढून ठेवलेला.

"मग?" खुशकदमने विचारलं.

"मग काय. चढाशी आला आणि ताटांचा आवाज झाला. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी शिट्टी पण मारली."

"कोण होतं घरात?"

"सगळे होते. ओलुफाआत्याने फोन उचलून मांडीखाली दाबून धरला. तरी ऐकू येत होतं." मग ती म्हणाली, "पैसे पोचले या महिन्याचे."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी सांगतात की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला पुसू नका. मी अडगळीत नाही. मला रोज वाजवतात, माझ्या तारा चकाकतात आणि तोलिबअका माझ्यासाठी नवी मखमली पिशवी घेणार आहे.

तुमच्या गावात गाणारं कुणी असेल तर त्याच्या घरी पीठ आहे का, ते बघून या. आधी ते. आणि तुमच्या लग्नाकार्यात कुणी जेवणाच्या पंगतीपाशी बसून गात असेल, तर त्याला मुद्दाम जाऊन सांगा की आज घाई नाही, एक तरी पुरं म्हण. मग हात मांडीवर ठेवून बसा. तो मध्येच थांबला आणि तुमच्याकडे बघून हसला तरी टाळी वाजवू नका. कदाचित त्याला पुढचं अजून आठवत असेल.

आमच्यासाठी असं कुणी थांबलं नाही. पुलाव निवत होता.