चांदणी लावलेले फोटो

घाण वाटणं मंजुश्रीनं नोकरीच्या पहिल्या वर्षातच सोडून दिलं होतं. चाकूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर ती बारा वर्षं आरोग्यसेविका होती. किडे पडलेली जखम, बाळंतिणीचं रक्त, दारुड्याची ओकारी, सगळं तिनं हातानं साफ केलं होतं आणि साबणानं हात धुऊन त्याच हातानं डबा खाल्ला होता. त्यामुळं त्या शनिवारी लातूरला, आक्काच्या घरी सोफ्यावर बसल्या बसल्या तिच्या पोटात ढवळून आलं तेव्हा तिला आधी वाटलं, उन्हातून आल्यामुळं असेल.

ती तपासणीसाठी आली होती. नोव्हेंबरात तिच्या डाव्या छातीतली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, जखम भरली, तरी सहा महिन्यांनी दाखवून जा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दाखवून झालं आणि ती जेवायला आक्काकडं आली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण उमादेवी. आक्का स्वयंपाकघरात धपाटे थापत होती. दाजी टीव्ही तसाच चालू ठेवून बाहेर गेले होते. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, कुणी बघत नव्हतं म्हणून त्यावर आपोआप एकेक फोटो येत होता. डोंगर, समुद्र, फुलं. मग एक पांढरी भिंत, भिंतीला टेकवलेला लशींचा निळा डबा.

तो डबा तिचा होता. भिंत तिच्या उपकेंद्राची होती. फोटो तिनं काल दुपारी काढला होता, डब्याचं झाकण तडकलं होतं ते वरच्या ऑफिसला कळवायचं म्हणून. आणि अजून कुणाला पाठवलाही नव्हता.

मंजुश्रीनं टेबलावरचा रिमोट उचलला.

टीव्हीवर फोटोंचं एक खातं उघडं होतं. वर कोपऱ्यात तिचंच नाव होतं. तिला दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. नवा फोन घेतला होता, आणि दाजींनी इथंच, ह्याच सोफ्यावर बसून तो चालू करून दिला होता. मन्मथ दाजी कॉलेजात शिकवायचे, घराण्यात कुणाचाही फोन, लॅपटॉप अडला की त्यांच्याकडंच जायचा. "तुझ्या नावाचं खातं काढून देतो," ते म्हणाले होते. "बॅकअप चालू ठेवतो. फोन हरवला तरी फोटो, नंबर, मेसेज सगळं वर सर्व्हरवर सुरक्षित. पासवर्डची काळजी तू करू नको, माझ्याकडं लिहिलेला हाय." तिला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा.

तिनं बटण दाबत दाबत खाली नेलं. तिच्या फोनातलं सगळं तिथं होतं. पोराचं शाळेचं स्नेहसंमेलन, पगाराची पावती, गॅस सिलिंडरचं बिल. मग एका बाजूला 'आवडते' असं लिहिलेलं दिसलं. तिनं आयुष्यात कधी कुठल्या फोटोला आवडता म्हणून खूण केली नव्हती. तिला ते येतच नव्हतं.

तिनं उघडलं. एकेचाळीस फोटो होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक पिवळी चांदणी.

पहिला तिचा स्वतःचा होता. ऑपरेशननंतर दर तीन दिवसांनी जखमेचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवायचा होता; न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून तिनं काढलेला, टाके, सूज, सगळं. तसे सहा. बाकीचे पेशंटचे. जखम अवघड असली की ती फोटो काढून तालुक्याच्या डॉक्टर मॅडमना पाठवायची आणि मॅडम औषध सांगायच्या. बाळंतपणाचे टाके पिकलेली एक बाई. पाठीवर नागीण उठलेली म्हातारी कावेरीबाई. आणि सिंधु, जिच्या मांडीवर उकळत्या वरणाचं पातेलं उलटलं होतं. सिंधु फोटो काढू देत नव्हती. दोन्ही हातांनी लुगडं धरून बसली होती. "डॉक्टर मॅडमशिवाय कुणी बघणार न्हाई, माझ्यावर सोड," असं मंजुश्रीनं तिला सांगितलं होतं, तेव्हा कुठं तिनं हात बाजूला केले.

बायकांचं झाकलेलं अंग ज्यात दिसत होतं, फक्त तसलेच फोटो कुणीतरी शेकड्यांतून एकेक करून वेचले होते. पायाच्या फोडांचे, हाताच्या गळवांचे फोटो त्यात नव्हते.

मंजुश्री उठली, मोरीत गेली आणि ओकली.

आक्का पदराला हात पुसत मागं आली. "काय झालं गं? उपाशीपोटी आलीस व्हय?"

मंजुश्रीनं तिचं मनगट धरून तिला टीव्हीसमोर आणलं. आक्कानं बघितलं. एक फोटो, दुसरा फोटो. मग तिनं मान फिरवली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "असले फोटो काढायचेच कशाला म्हणते मी?"

"आक्का, हे दवाखान्याचे हायत."

"हाव, पण…" आक्का खाली बसली. मग हळूच म्हणाली, "दुपारी मी कीर्तनाला जाते तर दार आतून लावून बसतेत. मला वाटायचं, क्रिकेटची म्याच बघून राहिलेत."

मंजुश्रीला आक्काचीसुद्धा किळस आली, आणि आक्काची किळस आली ह्याची तिला पुन्हा वेगळी किळस आली. स्वयंपाकघरात तव्यावरचा धपाटा करपला. कुणी उठलं नाही.

दाजी आले तेव्हा टीव्ही तसाच चालू होता. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, हातात केळ्यांचा घड. "अरे, मंजू कधी आली?" म्हणत ते आत आले आणि त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. घड त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला.

"तुझं खातं मी सांभाळत होतो," ते म्हणाले. "जागा भरत आली होती. काय ठेवायचं, काय काढायचं, ते निवडत होतो."

"चांदण्या लावून?"

"ते चुकून लागतं. टच असतो ना."

"एकेचाळीस वेळा चुकून?"

दाजींनी शर्टाच्या आत हात घातला, गळ्यातलं रोज पूजायचं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाले, "हे धरून सांगतो, मनात कसलंही वाईट…"

"त्याला हात लावू नका!" मंजुश्री एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई वाकून बघायला लागली. "तो हात काढा आधी. आणि तुमचा फोन हितं ठेवा, माझ्यासमोर."

तिनं आपल्या फोनावर पासवर्ड बदलायला घेतला. खात्याला जोडलेला नंबर दाजींचा होता. सहा आकडी कोड त्यांच्याच फोनवर आला. "वाचा," ती म्हणाली. त्यांनी वाचला. आवाज वर्गात हजेरी घेतात तसा सपाट होता. तिनं त्यांचा नंबर काढून स्वतःचा घातला. मग खातं कुठं कुठं उघडं आहे त्याची यादी काढली. तिचा फोन, हा टीव्ही, दाजींचा लॅपटॉप, दाजींचा फोन. आपला फोन सोडून बाकी तिन्ही ठिकाणचं तिनं बंद केलं. टीव्हीवर परत डोंगर आला.

मग बॅकअप बंद केला आणि पुसायला घेतलं. आधी ते एकेचाळीस. पुसायला निवडताना प्रत्येकावर बोट ठेवावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, त्यानंही इथंच बोट ठेवलं असणार. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. काच बोट ओळखेना. ओढणी काढून तिला परत उघड्या बोटानंच करावं लागलं.

"कचऱ्याच्या पेटीत गेलेत," दाजी मध्येच म्हणाले. "साठ दिवसांनी आपोआप जातील."

"आत्ता जातील. कुठं दाबायचं?"

त्यांनी सांगितलं. पेटी रिकामी झाली. फोनचा वेगळा बॅकअप होता, त्यात मेसेज आणि आलेल्या-गेलेल्या फोनची यादी. तोही कुठं असतो ते त्यांनी सांगितलं आणि तिनं तो पुसला. लॅपटॉपही आणून दाखवला. त्यात एका फोल्डरमध्ये उतरवून घेतलेले नऊ फोटो निघाले. फोल्डरचं नाव 'परीक्षा विभाग' होतं. मंजुश्रीनं तेही पुसले. ह्या माणसाला एकेक कोपरा पाठ आहे, आणि आपण त्याला वाट विचारत चाललोय, हे तिला मानेवर झुरळ फिरावं तसं वाटत होतं.

"झालं ना आता?" दाजी म्हणाले. "घरातली गोष्ट घरात राहू दे, मंजू."

ती उठली. आक्कानं डबा बांधून दिला होता. बसस्टँडवर आल्यावर तिनं तो न उघडता एका कुत्र्यापुढं पालथा केला.

रात्री नवऱ्याला, शिवकुमारला, तिनं सगळं सांगितलं. तो उठून चपला शोधायला लागला, दाजीचे पाय मोडतो म्हणाला. "पाय मोडून काय करू?" ती म्हणाली. "मला आठ बायकांना सांगायचंय." तिनं केसपेपरच्या पाठीमागं नावं लिहून काढली होती.

सोमवारपासून ती एकेकीच्या घरी गेली. कावेरीबाईला नीट कळलंच नाही. "माज्या पाठीत काय बघायचंय कुणाला," म्हणून ती हसली. टाके पिकलेल्या बाईच्या सासूनं दार लावून घेतलं. एकीनं हातातली परात आपटली. सिंधुकडं जायला मंजुश्रीनं गुरुवार उजाडवला.

सिंधु अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. सूप थांबलं नाही.

"फोनातलं पुसलंस," ती म्हणाली. "त्याच्या टकुऱ्यातलं?"

मंजुश्रीनं हातातला केसपेपर दुमडला.

"आन पुसलंस कशाला? आता पोलिसाला काय दावायचं?"

हे मंजुश्रीच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी तिला फक्त ते सगळं नाहीसं व्हायला हवं होतं, दिसायचं बंद व्हायला हवं होतं. पू निघाला की आधी धुवायचा, बारा वर्षांची सवय. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला शब्द दिला तो आणि पुसलं ते, दोन्ही चुकलं."

सिंधुनं सूप खाली ठेवलं. ज्वारीतले दोन खडे बोटानं बाजूला सारले. मग म्हणाली, "मी कुणाला काढू देत नव्हते. तू म्हणलीस म्हणून."

"हाव."

"मग तूच चल संगट. मी एकटी जाणार न्हाई."

शुक्रवारी दोघी ठाण्यात गेल्या. टेबलामागच्या बाई फौजदारांनी तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, "ते फोटो आहेत का?"

"न्हाईत, पुसले," सिंधु म्हणाली. "फोटो ज्यांचे ते आमी हाव की. हितंच बसलोय."

फौजदारबाईंनी कोरा कागद ओढला आणि काय काय होतं ते एकेक फोटो आठवून सांगायला सांगितलं. मंजुश्रीनं स्वतःच्या जखमेपासून सुरुवात केली. पुसलेलं लॅपटॉपमधून परत निघतं कधीकधी, असं फौजदारबाई म्हणाल्या, खात्री नाही, पण मशीन ताब्यात घेऊ.

अकरा दिवसांनी पोलिसांनी दाजींच्या घरातून लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही नेले. त्या संध्याकाळी आक्काचा फोन आला. मंजुश्रीनं उचलला. आक्का दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्याबी फोनाचा पासवर्ड त्यांच्याकडंच हाय गं. तो कसा बदलायचा?"

मंजुश्री खुर्ची ओढून बसली आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागली.