अडीच व्होल्टांत न मावलेलं मखर

घटस्थापनेच्या दुपारी गौरवी देवळाच्या चौकात लॅपटॉप उघडून बसली होती. समोर झोपाळ्यासारखं टांगलेलं रिकामं मखर. नवरात्रात रोज कीर्तन संपलं की देवीला त्यात बसवायचं आणि आरतीच्या तालावर झुलवायचं, ही गावची रीत. दोरी ओढायचे तिचे वडील, कृष्णनाथ. यंदा त्यांचा खांदा गेला आणि तो हात दुसऱ्या कुणाला जमेना. गौरवी साखळी गावातल्या एका कारखान्यात यंत्रांच्या मोटारी बसवते. तिने मखरालाच मोटर लावली. देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांची अट एकच: देवीला एक जरी हिसका बसला, तर मोटर काढायची आणि मखर जागच्या जागी ठेवायचं.

"हालता मगे, बाय?" कृष्णनाथांनी विचारलं.

"लोण्यासारखं, बाबा."

मखराच्या आसावर सेन्सर होता. झोका मध्यावर असला की शून्य व्होल्ट, एका बाजूला गेला की अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. ते व्होल्ट वाचणाऱ्या कार्डाला तीन पल्ले होते: अडीच, पाच आणि दहा; निवडलेल्या पल्ल्यापलीकडचं ते वाचत नसे. काल बाबांनी बऱ्या हाताने झुलवून दाखवलं तेव्हा झोका दीड व्होल्टाच्या पुढे गेला नव्हता, म्हणून तिने अडीचचा पल्ला घेतला.

शेजारी भिकाजीबुवा रात्रीच्या कीर्तनासाठी पेटीवर सूर शोधत होते. "काळी दोनची पट्टी नको," ते स्वतःशीच बोलले. "नमनाला गोड लागते, पण गजरात गळा फाटतो."

गौरवीचा हात थांबला. "बाबा, काल झोका पुरा दिला होतात ना?"

"रिकामं मखर पुरं कोण झुलवतं गो? नावाला हलवलं."

ती कपाळाला हात लावून हसली. रिकामा पाळणा हलवला म्हणून तिनेही लहानपणी आईचा धपाटा खाल्ला होता. तरी तिला हे सुचलं नव्हतं.

"मग कलश ठेव," बुवा म्हणाले. "वर नारळ ठेवला की रिकामं कसलं?"

कलश ठेवून तिने मोटरने मखराला शेवटच्या गजराएवढा मोठा झोका दिला. आकडा अडीचवर थिजला, मखर मात्र पुढेच चाललं होतं. ते थांबलंय असं समजून यंत्राने आणखी जोर लावला. खाडकन हिसका बसला. घुंगरं किणकिणली, कलश कलंडता कलंडता राहिला.

"अगे माये!" कृष्णनाथ ओरडले.

"आत्ता बसला तेच बरं झालं, बाबा."

"तर मग दहाच घे की!" बुवा म्हणाले. "ऐसपैस."

"नको बुवा. मापाच्या पायऱ्या कुठल्याही पल्ल्यात तेवढ्याच असतात. दहावर पसरल्या की एकेक पायरी मोठी होणार, आणि हळू झोक्यात मखर अडखळत चालणार. गजर सोपा जावा म्हणून तुम्ही पट्टी इतकी उतरवाल का, की नमन कुणाला ऐकूच जाऊ नये?"

"शाणी गो!" बुवांनी पेटीवर थाप मारली. "मला माझंच कीर्तन ऐकवते!"

तिने पाचचा पल्ला घेतला. पुऱ्या झोक्याला आकडा चारच्या अलीकडे थांबला. वर थोडी जागा उरली, ती हवीच होती.

कीर्तन रंगलं. देवी मखरात बसली, शंख वाजला, आरती उचलली गेली. झोका हळुवार निघाला आणि गजराबरोबर वाढत वाढत खांबांपर्यंत गेला. हिसका नाही, अडखळणं नाही. गौरवीने स्क्रीनवरून नजर काढली आणि देवीकडे पाहिलं.

कृष्णनाथ खांबाशी उभे होते. आजवर आरतीला त्यांचे दोन्ही हात दोरीवर असायचे. आज त्यांनी ते जोडले. मग भान येऊन टाळ्या वाजवायला लागले, त्याही तालाबाहेर.

"बाबा, ताल चुकतोय!"

"चुकू दे गो," ते डोळे पुसत म्हणाले. "पहिल्यांदाच वाजवतोय."