बारावी शाखा

ग्रंथालयाच्या काउंटरवर पुस्तकाचं नाव टाइप केलं की उत्तर यायला दीड मिनिट लागायचं. समोर नऊ माणसं ताटकळत असली की काउंटरवाल्या बाईंना तो दीड तास वाटे. शेवटी मोठ्या साहेबांनी जाहीर करून टाकलं: गुरुवारी तीनला बैठक, ही जुनी प्रणाली मोडीत काढायची आणि बाहेरची आणायची. दोष कोणाचा तेही आधीच ठरलं होतं. झाडूचा.

झाडू म्हणजे सफाईचा प्रोग्राम. पुस्तक कपाटातून वाचकाकडे गेलं की डेटाबेस जुनी ओळ खोडत नाही; खाली नवी लिहितो आणि जुनी मेली असं धरून चालतो. दर तासाला फिरून त्या मेलेल्या ओळी काढायच्या, हे झाडूचं काम. तो लिहिला होता आत्यानं. अख्खी प्रणालीच तिची, बावीस वर्षांची. ती निवृत्त झाली आणि तिच्या खुर्चीवर तिची भाची बसली.

भाचीला ऑफिसात सगळे ‘चौकशी’ म्हणत. लिफ्ट बिघडली तरी ही मेकॅनिकच्या खांद्यावरून आत डोकावणार! पण या वेळी नुसती हौस नव्हती. दर शनिवारी न चुकता पुस्तक बदलायला येणारी आत्या दोन महिने फिरकली नव्हती. गुडघा दुखतो म्हणे. बैठकीत तिचं नाव बद्दू होणार, आणि चौकशीला ते होऊ द्यायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिनं मोजणी केली. पुस्तकं दोन लाख, मेलेल्या ओळी एक्केचाळीस लाख. एक पुस्तक शोधायला एवढा ढिगारा उपसायचा, मग दीड मिनिट लागणारच. तिनं झाडू स्वतःच्या हातानं चालवला. तो मुकाट सगळीकडे फिरला, कुठेही अडखळला नाही, आणि शेवटी म्हणाला: काढल्या शून्य.

हे मात्र भलतंच होतं. मोडलेला प्रोग्राम कुरकुरतो, मध्येच बंद पडतो. हा काम चोख करून हात हलवत परत आला होता. तिनं आत्याला फोन लावला.

“शून्य? आणि तक्रार काहीच नाही?” आत्याच्या आवाजात एकदम जान आली. “मग तो बिघडला नाही गं, थांबलाय. कुठल्या शाखेत कोणी जुनी ओळ अजून वाचत असेल, तर तो काढत नाही. जेवणारा उठल्याशिवाय ताट उचलतो का आपण? कोण बसलंय ते बघ.”

चौकशीनं यादी उघडली. शाखा अकरा, पण यादीत नावं बारा. अकरा जणांनी पाच मिनिटांपूर्वीच ‘आमचं झालं’ असं कळवलं होतं. बाराव्यानं पावणेदोन वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. त्याचं नाव ‘तालीम’.

या नावाची शाखा कोणालाच ठाऊक नव्हती. पण नाव कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, म्हणून ती तळघरातल्या अडगळीच्या खोलीत गेली. तुटक्या खुर्च्यांमागे एक धुळकटलेला कॉम्प्युटर होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली. त्यावर चिठ्ठी: ‘तालीम. हात लावू नये.’

अक्षर तिचंच होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, शाखा कशी जोडतात ते शिकायला तिनंच तो जोडला होता. शिकून झाल्यावर वायर उपटली. यादीतलं नाव काढायचं राहिलं. नाव गुपचूप पुसलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिनं पुन्हा आत्याला फोन लावला.

“आत्या, सापडलं. मीच ती.”

आत्या आधी खो खो हसली. मग म्हणाली, “आणि कायम थांबायचं असं त्याला सांगितलं कोणी? मीच ना! डोंगरातल्या शाखेची लाईन चार-चार दिवस जायची, म्हणून मुदतच घातली नव्हती. आठ दिवस घाल. त्यानंतर गप्प राहील त्याचं नाव यादीतून काढ आणि तुला कळव म्हणावं.”

तिनं ते लिहिलं, तीनदा तपासलं आणि चालवलं. तीन वाजता तो धुळकट कॉम्प्युटर बैठकीच्या टेबलावर ठेवून तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली. “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

तेवढ्यात काउंटरवाल्या बाईंनी दारातून डोकं घातलं. “अहो, काय केलंत? नाव टाइप करून मान वर करते तोवर उत्तर हजर!”

संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता तिनं फोन केला. “झाडू राहतोय, आत्या. तू केलेलं सगळंच राहतंय. एक्केचाळीस लाख निघाल्या. मला शिक्षा म्हणून प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचंय, जोडलेलं सोडवायचं कसं.”

आत्या हळूच म्हणाली, “काउंटरवरची रांग बघून मला वाटलं, माझंच काहीतरी फार चुकलंय. लाज वाटायची गं. त्या रस्त्यानं जाणंच सोडलं होतं मी. शनिवारी येते पुस्तक बदलायला.”

“आणि गुडघा?”

“गुडघ्याला काय धाड भरलीये!”