उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

कॅप्सूलकाकांना हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतलं स्कॅनचं मशीन ते सव्वीस वर्षं चालवत होते. डोक्याचा स्कॅन असला, की पेशंटच्या उजव्या कानशिलावर ते चिकटपट्टीनं तेलाची एक कॅप्सूल लावत. औषधाच्या दुकानात मिळते तसली, जीवनसत्त्वाची. चित्रात ती पांढऱ्या ठिपक्यासारखी उमटे. ठिपका दिसेल ती बाजू उजवी, मग बाकी कुणी काहीही सांगो.

धाकटीला त्या ठिपक्याचा भारी राग. घरातलं शेंडेफळ म्हणून तिचं नाव धाकटी पडलं, ते चौतिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. नव्या इमारतीतल्या कॉम्प्युटर विभागात दोन वर्षं खपून तिनं एक प्रोग्रॅम उभा केला होता. दोन्ही इमारतींमधल्या मशीनची चित्रं, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, ऑपरेशनच्या याद्या, सगळं एका पडद्यावर. पातळ चकत्यांसारखी शेकडो चित्रं जोडून तो प्रोग्रॅम अख्खं डोकं उभं करायचा. माऊसनं हवं तसं फिरवा, हवं तिथं आत डोकवा. आणि एवढ्या देखण्या डोक्यावर, कानाच्या जरा पुढं, काकांची ती कॅप्सूल! सर्जन मॅडम एकदा म्हणाल्या, "काय गं, तुझ्या प्रत्येक पेशंटला इथंच कसा फोड येतो?" सगळे हसले. धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवड्याच्या आत तिनं प्रोग्रॅममध्ये एक पायरी वाढवली: त्वचेच्या बाहेर जे काही दिसेल ते पुसून टाकायचं. वडील टेलर, म्हणून त्या पायरीचं नाव तिनं ठेवलं 'इस्त्री'.

दोनच दिवसांत काकांचा फोन आला.

"पोरी, माझी खूण कुठं गेली?"

"काका, आता बाजू प्रोग्रॅम सांगतो. पडद्यावर डाव्या-उजव्याची अक्षरं येतात की."

"अक्षरं तू लिहितेस. कॅप्सूल मी माणसाच्या अंगावर लावतो."

"मग लावा ना, कोण नको म्हणतंय!" असं म्हणून तिनं फोन ठेवला होता. काका लावत राहिले आणि इस्त्री पुसत राहिली. त्याच सुमारास धाकटीनं जुन्या इमारतीतल्या नोंदवह्याही बंद करायला लावल्या होत्या. जे काय कळवायचं ते प्रोग्रॅममधल्या फॉर्मवर कळवा, असा तिचा हुकूम. काका तरीही वही लिहीत. वाचायला मात्र कुणी जात नसे.

पाच महिन्यांपूर्वी बाबा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता कोसळले. शुद्ध हरपली, अंग ताठ झालं, मग आपोआप जागे झाले. नव्या मशीनला रांग होती म्हणून स्कॅन काकांच्या मशीनवर झाला. डोक्यात खोलवर हरभऱ्याएवढा डाग दिसला. मॅडमनी धाकटीच्याच पडद्यावर बघत बघत आत सुई घातली आणि चिमूटभर तुकडा तपासायला पाठवला. चार दिवस घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नाही. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. तो सगळ्यांच्या आधी तिच्या पडद्यावर आला, कारण रिपोर्ट पोचवणारा प्रोग्रॅम तिचाच. 'तपासलेल्या तुकड्यात काहीही वावगं आढळलं नाही.' ती जिने उतरत वॉर्डात धावली आणि बाबांच्या गळ्यात पडून रडली. आईनं तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. अजून तो तिथंच होता.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करा, असं मॅडमनी बजावलं होतं. बाबा म्हणाले, "काही निघालं नाही ना? मग परत त्या बोगद्यात कशाला झोपू?" धाकटीमागे कामाचा धोशा होता. "बघू पुढच्या महिन्यात," ती म्हणाली, आणि ते राहूनच गेलं.

अलीकडं बाबांच्या डाव्या हातातून वस्तू निसटत. कधी कप, कधी माप घ्यायची टेप. शिवण वाकडी गेली की ते मशीनच्या नावानं खडे फोडत. "मशीनला नाही बाबा, तुम्हालाच तेल घालायला हवंय," असं धाकटीच एकदा म्हणाली होती आणि घर हसलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी ती इस्त्रीची नवी आवृत्ती तपासत होती. फरक दिसावा म्हणून तिनं एका स्कॅनवरची इस्त्री बंद केली. स्कॅन एका शाळेतल्या बाईंचा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. कानशिलावर कॅप्सूल उमटली. डाव्या बाजूला.

खरं सांगायचं तर धाकटीला पहिल्यांदा आनंदच झाला. सव्वीस वर्षांत म्हातारा एकदा तरी सापडला! तिनं लगेच फोन लावला.

"काका, डुलकी लागली होती का? बाईंना कॅप्सूल डाव्या बाजूला लावलीत."

"मी? डाव्या?" काकांचा आवाज चढला. "मी एक वेळ जेवायला विसरेन. उजवी ती उजवीच."

"अहो, माझ्यासमोर दिसतेय, डावी."

आता काका हळू म्हणाले, "दुसरा एखादा उघड बरं."

तिनं दुसरा उघडला. डावी. तिसरा, डावी. आठ उघडले, आठही डाव्या. ती मागं मागं जात राहिली आणि सात महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी ठिपका टुणकन उजव्या बाजूला गेला. त्या सोमवारपर्यंत सगळे उजवीकडं, त्यानंतरचे सगळे डावीकडं.

"काका, त्या सोमवारी काय झालं होतं?"

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. काका एकेक शब्द सुटा करून वाचू लागले. "मशीन दुरुस्तीला माणूस आला. चित्राची दिशा बदलून दिली, आता नव्या मशीनसारखीच. कॉम्प्युटर विभागास कळवावे. खाली रेघ मारलीय मी, दोनदा."

"मग कळवलंत का नाही?"

"कुठं कळवू? वही तू बंद केलीस. तुझ्या त्या फॉर्मवर हे लिहायला रकाना नव्हता. मी 'इतर' म्हणून शोधलं, ते पण नव्हतं."

जुनं मशीन माणसाला उजवीकडून डावीकडं वाचायचं आणि नवं डावीकडून उजवीकडं. म्हणून जुन्या मशीनचं प्रत्येक चित्र पालथं करणारी एक ओळ धाकटीनं सुरुवातीलाच लिहून ठेवली होती. दुरुस्तीनंतर चित्र सुलटंच येऊ लागलं, पण ओळ ते पालथं करतच राहिली. अक्षरंही तीच ओळ लावायची, त्यामुळं पडदा खोटं बोलत होता तेही छातीठोकपणे. माणसाचा चेहरा दोन्हीकडून सारखाच. कुणाला संशय येणार? कॅप्सूलनं सांगितलं असतं. कॅप्सूल तर तिनं पुसली होती.

बाबांच्या स्कॅनला पाच महिने झाले होते. सात नव्हे, पाच.

तिनं बाबांचा स्कॅन उघडला. इस्त्री बंद करायला बोट पुढं नेलं आणि मागं घेतलं. क्षणभर तिच्या मनात आलं, ओळ गुपचूप काढून टाकली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. तिची तिलाच किळस आली. तिनं इस्त्री बंद केली.

डावी.

म्हणजे डाग उजव्या अंगाला होता आणि मॅडमची सुई डाव्या अंगाला गेली होती. रिपोर्टमधला शब्द न् शब्द खरा होता. तपासलेल्या तुकड्यात काही वावगं नव्हतंच. तो तुकडाच धडधाकट बाजूचा होता.

ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमनी पहिल्यांदा फोन उचलून बाईंचं उद्याचं ऑपरेशन थांबवलं. मग म्हणाल्या, "सात महिन्यांतले सगळे. यादी दे." यादी एका कळीसरशी निघाली, तेवढ्यासाठीच तर धाकटीनं सगळ्या नोंदी जोडल्या होत्या. एकोणीस नावं. बहुतेकांना सुई-चाकू लागलाच नव्हता, काहींची बाजू हातापायांच्या अशक्तपणावरूनच कळत होती. मॅडम पेन्सिलीनं एकेक नाव खोडत खाली आल्या आणि एका नावाशी थांबल्या.

"हे तुझे..."

"हो."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "सुई मी घातली," त्या म्हणाल्या. "झटक्यावरून बाजू कळत नव्हती. मी चित्रावर विसंबले." मग त्यांनी यादी बाजूला सरकवली. "उद्या सकाळी आण त्यांना. घरी तू सांगतेस, की मी येऊ?"

"मी सांगते."

घरी आई बाजारात गेली होती. बाबा खिडकीशी बसून शर्टाला काज करत होते. डाव्या हातातलं कापड सारखं सुटत होतं आणि ते ते पुन्हा पकडत होते. धाकटीनं स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसली आणि चित्रं, ओळ, कॅप्सूल, सुई, उजव्या मेंदूच्या ताब्यातला डावा हात, सगळं क्रमानं सांगितलं. मध्ये रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

बाबांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"म्हणजे दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मी शिकाऊ असताना माझ्याकडून झालं होतं. लग्नाचा कोट. कापड उलटं घातलं आणि..." त्यांनी कात्रीसारखी दोन बोटं चालवली. "मालकानं कानाखाली काढली होती."

"ते कापड होतं, बाबा."

बाबांनी डावा हात उचलला आणि पालथा-उताणा करून बघितला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता. "मग हे म्हातारपण नव्हतं तर," ते म्हणाले. उठून फ्रिजशी गेले, रिपोर्ट काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला. "आईला मी सांगेन. तू नको. तू सांगितलंस तर ती तुझ्यावर चिडेल, आणि मग तिला तुझ्याजवळ रडता यायचं नाही."

सकाळी काकांनी स्वतः बाबांना बोगद्याच्या फळीवर झोपवलं. खिशातून कॅप्सूल काढली आणि धाकटीकडं धरली.

"तू लाव," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला लागलं.

तिनं बाबांच्या उजव्या कानशिलावर कॅप्सूल ठेवली, पट्टी दाबली, आणि बाबांचा उजवा हात हातात घेऊन पुन्हा एकदा ताडून पाहिलं. "अजिबात हलायचं नाही हं," ती म्हणाली. "उभा जन्म गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलो," बाबा म्हणाले.

काचेपलीकडच्या खोलीत ती काकांच्या शेजारी बसली. ना प्रोग्रॅम, ना इस्त्री. मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर एकेक चकती उतरत होती. पांढरा ठिपका उजवीकडं उमटला. काकांनी त्यावर बोट ठेवलं. मग त्याच अंगाला, आत, डाग आला. काकांनी बोट काढून घेतलं. तो आता हरभऱ्याएवढा राहिला नव्हता.

मशीनची धडधड थांबली आणि स्पीकरमधून बाबांचा आवाज आला.

"धाकटे, हललो नाही ना मी?"

तिनं बटण दाबलं.

"नाही, बाबा. अगदी नीट पडून राहिलात."