भोलूला मी ओढायला शिकवलं

झाशीत मला सगळे एकच विचारतात, "अनुया, तिकडचा बर्फ वितळला की तुम्ही करता काय?" आईच्या भिशीतल्या बायका तर दर मे महिन्यात विचारतात, मागच्या वर्षी सांगितलेलं कुणाच्या लक्षात असेल तर शपथ. अहो, काय करणार? हिवाळाभर मी नॉर्वेत कुत्र्यांची गाडी हाकते, बर्फावर, शर्यतीत. उन्हाळ्यात कुत्रे केस गाळतात, तळ्यात डुंबतात, झोपा काढतात. माझ्या सोबतचे कोणी मासेमारीच्या बोटीवर जातात, कोणी टूरिस्टांना फिरवतात. मी दतिया गेटला आईकडे येते, आमरस ओरपते, आणि तिसऱ्या आठवड्यात मला वेड लागायची पाळी येते. हातात दोर नाही, पुढे पळणारा कुत्रा नाही. मग मी घरात दिसेल त्याच्याशी भांडते.

यंदा तशातच ओळखीतल्या जयसिंगजींचा फोन आला. समथरच्या रस्त्याला, शहर संपतं तिथेच त्यांचं फार्महाऊस. त्यांनी हौसेने हस्की आणला होता, आमच्या बर्फातला जाड केसांचा कुत्रा, भोलू नावाचा. हस्की, आणि झाशीत! दहा मिनिटं मी त्यांना फोनवरच झापलं.

"अब ले आए तो ले आए, बेटी," ते म्हणाले. "कुछ सिखा दो इसे."

भोलू एसीच्या खोलीत बांधलेला होता. नखं वाढलेली, पोट सुटलेलं. पण छाती अशी रुंद, मागचे पाय असे दणकट, की माझे हात शिवशिवले. पहाटे साडेचारला चालवायचं, उजाडलं की हौदात पोहायला सोडायचं, एवढंच मी ठरवलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर! पण मला कुठला दमधीर? आईच्या मशीनवर मी त्याला हार्नेस, म्हणजे ओढताना छातीवर घालायचा पट्टा, शिवला आणि मागे स्कूटरचा जुना टायर बांधला. पहिल्याच पहाटे त्याने तो ओढला, आणि मी शेतात एकटीच आनंदाने किंचाळले. मग रोज पाच मिनिटं. हार्नेस दिसला की तो उड्या मारायचा. "चल रे" म्हटलं की सुटायचा.

जूनमधल्या एका दुपारी नीरजाचा फोन आला, जयसिंगजींच्या सुनेचा. ती रडत होती.

"दीदी, बाबूजी मेहमानों को भोलू दिखा रहे हैं. हार्नेस पहना दिया है."

बाहेर पंचेचाळीस डिग्री. एवढ्या केसांचा कुत्रा या उन्हात पंधरा मिनिटं पळाला तर आतल्या आत शिजून मरतो. हे मी त्या माणसाला दहा वेळा बजावलं होतं. स्कूटर काढली आणि डोक्याला ओढणीही न बांधता निघाले.

शेतात पाच-सहा पाहुणे मोबाइल धरून उभे होते. भोलू टायर ओढत गोल गोल पळत होता, जीभ जांभळी, तोंडाला फेस. जयसिंगजींचा गडी लाठी घेऊन त्याच्या वाटेत उभा, आणि कुत्रा जवळ आला की हाणत होता. पांढऱ्या केसांवर रक्ताचे पट्टे. माझं डोकंच फिरलं. मी त्या गड्याच्या मनगटाला चावले, कडकडून, रक्ताची चव लागेपर्यंत. लाठी सुटली तशी उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. कुणीतरी माझे केस धरून मागे ओढलं, कुणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं. मी लाठी फिरवतच राहिले. जयसिंगजी हात पुढे करून आले, "बेटी, सुनो तो!" त्या हातावरही मारली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

आता भोलूला कुणी मारत नव्हतं. तरी तो पळतच होता.

"भोलू, थांब!" मी ओरडले. माझा आवाज ऐकताच त्याचे कान उभे राहिले, आणि त्याने आणखी जोर लावला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुत्रे आपल्या शब्दावर थांबतील असा भरवसा बर्फावर आम्ही धरत नाही. गाडीला ब्रेक असतो, त्यावर आपण उभं राहतो. इथेही रोज मी टायरवर पाय रोवूनच त्याला थांबवलं होतं. "थांब" हा शब्द त्याच्यापुढे मी कधी उच्चारलाच नव्हता.

पुढच्या फेरीला मी टायरवर अंग टाकलं. वीसेक पावलं त्याने मला ढेकळांतून फरफटत नेलं, गुडघे सोलून निघाले. मग थांबला. वळून माझ्याकडे बघत शेपूट हलवली आणि आडवा झाला. मी त्याला उचलून हौदात उतरले. अंग तव्यासारखं तापलेलं. नाकातून रक्त येत होतं, आणि पाण्यातसुद्धा त्याचे पाय पळत होते. मग तेही बंद पडले.

जयसिंगजी मोडलेला हात छातीशी धरून काठावर आले. रडत होते.

"लाठी से तो रोक रहे थे, बेटी. नाम लेकर बुलाया, पानी दिखाया. हाथ ही नहीं आया. तुमने रुकना क्यों नहीं सिखाया इसे?"

मी भोलूला पायरीवर ठेवलं, वर चढले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर ओल्या हाताने पुन्हा मारलं.